एल्वाच्या गोळ्यांतलं कथील

माझ्या थोरल्या बहिणीला, एल्वाला, पोर्ट मारलीतल्या तीन मंडळांनी हाकलून दिलंय. पहिलं चर्चचं गायनमंडळ. पाद्रीबाबा डोळे मिटून प्रार्थनेला लागले की हिला हसू फुटायचं, आणि हिच्यामुळे अख्ख्या मागच्या रांगेला. दुसरं बायकांचं केक-मुरंब्याचं मंडळ. तिथे अध्यक्षीणबाईंच्या लिंबाच्या केकचा घास घेऊन ही म्हणाली, "छान झालाय, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी ठेवता येईल." तिसरा म्हणजे पांढरे कपडे घालून हिरवळीवर चेंडू घरंगळवतात तो क्लब. तिथे काय झालं ते मला कोणी सांगत नाही आणि मीही विचारत नाही. तिन्ही ठिकाणी लोकांची समजूत काढायला मात्र मलाच जावं लागलं. मी डल्सी, धाकटी. आमच्या घरात निस्तरायचं काम धाकटीकडे असतं.

त्यामुळे नवरा वारल्यानंतर ती एक दिवस म्हणाली, "मी पिस्तूल क्लबात नाव घातलंय," तेव्हा मी कपाळाला हात लावला.

"अगं बाई, तुझ्या हातात पिस्तूल?"

"का? तीस वर्षं या गावाची कार्टी माझ्या शाळेच्या बसमध्ये बसली. मी एकालाही मारलं नाही. माझ्याइतका संयम आहे का कोणाकडे इथे?"

क्लब गावाबाहेर, कचराडेपोच्या पलीकडे. एक पत्र्याची शेड, समोर निशाणांची रांग, आणि त्यामागे वाळूचा उंच बांध. ही चौथ्यांदा हाकलली गेली तर निदान बातमी पहिली मला कळावी, म्हणून मी तिथे शनिवारचा चहा करायला लागले. तेही वर्गणी भरून. आमच्या क्लबात चहा करणारीलासुद्धा वर्गणी माफ नाही. पण देवाची करणी बघा, इथे ती टिकली. चांगली रुजली. शनिवार उजाडला की तिचा चेहरा असा फुलायचा की मला हेवा वाटायचा. आणि मला मनातून भीती वाटायची, कारण आमच्याकडे क्लबातून नाव कमी झालं की पिस्तुलाचा परवानाही जातो. म्हणजे इथून हाकलली तर सगळंच संपलं. गावात पाचवी जागा नव्हती.

एल्वा गोळ्या विकत घेत नाही, स्वतः ओतते. मागच्या पडवीत गॅसची शेगडी, त्यावर लोखंडी भांडं, भांड्यात शिसं. टायरवाल्याकडून चाकांना लावायची जुनी वजनं, प्लंबरकडून जुने नळ, कोळ्यांकडून जाळ्यांची तुटकी शिशाची वजनं, आणि वर्षातून एकदा सगळा क्लब फावडी घेऊन बांध उकरतो त्यातला तिचा वाटा. म्हणजे आज मारलेली गोळी वर्षभरानं परत भांड्यात. शिसं पातळ झालं की मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, ढवळायचं, वर आलेली मळी काढायची आणि पळीनं साच्यात ओतायचं. साचा गार असला तर गोळीला सुरकुत्या पडतात, फार तापला तर ती भुरकट निघते. मग थंड झालेल्या गोळ्यांना मेणाचं वंगण. तिच्या गोळ्या पुढून चपट्या असतात, कागदावर असं गोल स्वच्छ भोक पाडतात की जणू कोणी पंचनं पाडलंय. हात धुतल्याशिवाय त्या पडवीत चहाच्या कपाला शिवायची कोणालाच परवानगी नाही, पाद्री आला तरी.

आणि या सगळ्यात मुख्य म्हणजे कथील. नुसतं शिसं साच्याच्या कोपऱ्यांत उतरत नाही, आळस करतं. थोडंसं कथील पडलं की गोळीच्या कडा कशा कापल्यासारख्या येतात. आता कथील दुकानात घ्यायचं म्हटलं तर महाग. पण आमच्याकडे पोरगं एकवीस वर्षांचं झालं की त्याला कथलाचा मग भेट द्यायची पद्धत आहे. पोरगं त्यातून दोनदा बिअर पितं. मग त्याची आई त्यात पेन्सिली ठेवते. मग आई वारते आणि तो मग चर्चच्या जुन्या वस्तूंच्या दुकानात येतो. तिथे एल्वा दबा धरून बसलेलीच असते. गोळ्या ओतणाऱ्या माणसाला कथलाचा मग दिसला की त्याला तो मग दिसतच नाही, त्याला गोळ्या दिसतात. कोणाचं नाव कोरलंय, कोणाच्या लग्नात मिळालाय, काही वाचायचं नाही. दांडी धरायची, भांड्यात सोडायचा. तिच्या गोळ्या अर्धा क्लब वापरायचा. कोणी बदल्यात अंडी द्यायचं, कोणी मासळी, क्लबाचा कारभार बघणाऱ्या व्हर्नची बायको दर महिन्याला पेस्ट्या भाजून पाठवायची, मटण-बटाट्याच्या, जाड काठाच्या.

फक्त लायल ट्रेस्ट्रेल तिच्या गोळ्यांना शिवायचा नाही. लायलचं ट्रॅक्टरचं दुकान आहे आणि आवाजही ट्रॅक्टरचाच आहे. त्याच्या गोळ्या कारखान्यातल्या, तांब्याचं कवच चढवलेल्या, डब्यात ओळीनं मांडलेल्या.

"एल्वा, तुझ्या त्या घरी शिजवलेल्या गोळ्यांनी नळीत शिशाचा थर बसतो," तो दर शनिवारी म्हणायचा.

"तुझ्या बडबडीनं माझ्या कानात बसतो, त्याहून पातळ असतो," ही म्हणायची.

पण जिंकायचा तो. आमच्या द्वीपकल्पातल्या क्लबांची दरवर्षी ऑक्टोबरात, जव कापणीला यायच्या आधी, आमच्याकडे एक स्पर्धा होते. बक्षीस म्हणजे कथलाचाच एक जुना मग, लाकडी बैठकीवर स्क्रूनं बसवलेला. बैठकीवर जिंकणाऱ्यांच्या नावाच्या पितळी पट्ट्या. जिंकणाऱ्यानं तो वर्षभर घरी ठेवायचा आणि पुढच्या स्पर्धेला परत आणायचा. गेली कित्येक वर्षं तो लायलच्याच घरून यायचा आणि लायलच्याच घरी जायचा, आणि कित्येक वर्षं एल्वा दुसरी यायची. तिला त्या पट्टीवर आपलं नाव हवं होतं. तोंडानं कधी बोलली नाही, पण मी बहीण आहे. स्पर्धा झाली की ती चहा पीत त्या बैठकीकडे अशी बघायची जशी लहानपणी मिठाईच्या बरणीकडे बघायची. मला वाईट वाटायचं.

त्या वर्षी ऑगस्ट संपता संपता लायल आमच्या पडवीत आला. मी तिथे कोंबड्यांसाठी पाव कुस्करत बसले होते. एल्वा गोळ्यांना वंगण लावत होती. लायल मुकाट्यानं बाकावर बसला. लायल आणि मुकाट्यानं! मला वाटलं, कोणी गेलं की काय.

"एल्वा, तू चर्चच्या दुकानात नेहमी जातेस ना?"

"जाते. त्यांनी अजून हाकललं नाही."

"तिथे एखादा मग... कथलाचा... दांडीच्या डाव्या बाजूला खळगा पडलेला..."

आणि मग सगळं बाहेर आलं. लायलनं बैठकीला पॉलिश करायला मग काढून ठेवला होता. त्याची बायको ग्लेनिस हिनं कपाट आवरलं, त्यातले जुने मग खोक्यात भरले आणि खोकं चर्चला देऊन टाकलं. लायलला हे कळलं दोन महिन्यांनी. क्लबाची वस्तू हरवणारा किंवा तिची नासधूस करणारा क्लबाबाहेर, असा आमचा नियम आहे, आणि तो नियम आणखी कडक करा म्हणून मागच्या वर्षी टेबल बडवणारा लायलच होता.

"कोणाला सांगू नकोस, तुझ्या पाया पडतो," तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं ताटातली एक नवी गोळी उचलली आणि बोटांत फिरवत बसला. सुंदर गोळी होती. चकचकीत, कडा कशा धारदार. "ग्लेनिसलासुद्धा माहीत नाही."

मी एल्वाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही, पण तिचे कान लाल झाले. ती लहानपणी साखर चोरायची तेव्हाही कानच लाल व्हायचे. जूनमध्ये तिनं चर्चच्या दुकानातून एक खोकं आणलं होतं, "घबाड मिळालं गं डल्सी!" असं ओरडत. मला सगळं लख्ख कळलं. हा बाबा आपला मग हातात धरून आपला मग शोधायला निघाला होता.

"बघते हं," एल्वा म्हणाली. "ती गोळी ठेव खाली. आणि हात धू, मग चहा देते."

तो गेल्यावर आम्ही दोघी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसलो. हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग मी तिचा हात धरला.

"एल्वा, नियम तुलाही लागू आहे. त्यानं हरवला, पण नासधूस तू केलीस."

"माहीतंय."

"आत्ताच्या आत्ता जाऊन व्हर्नला सांग." व्हर्न रेल्वेतून निवृत्त झालेला, नियमाचा पक्का.

"सांगते ना. स्पर्धा होऊ दे. या वर्षी माझा हात बसलाय डल्सी, मला जाणवतंय. एकदा ती पट्टी लागू दे, मग मला खुशाल फासावर द्या."

आता इथे थांबली असती तर ती एल्वा कसली? दुसऱ्या दिवशी तिनं लायलला फोन केला. म्हणे, दुकानवाल्या बायका जास्तीचा माल दुसऱ्या गावांच्या चर्चना पाठवतात, तिकडे बघ. आणि खळगा कोणी ठोकून काढला असेल तर तुला ओळखू येणार नाही, कथलाचा मग दिसला की घेऊन ये, मी सांगते. झालं! तो बिचारा दुकान नोकरावर टाकून द्वीपकल्पभर फिरायला लागला. दर दोन दिवसांनी पडवीत हजर, पिशवीत मग. एल्वा चष्मा लावायची, मग उजेडात धरायची, नखानं टिचकी मारायची आणि खिन्नपणे मान हलवायची.

"हा नव्हे रे. पण आता घरी नेऊ नकोस, ग्लेनिस विचारेल. ठेव इथेच."

महिनाभरात पडवीच्या फळीवर मगांची रांग लागली. दोन वर्षांचं कथील, फुकट, घरपोच. मी तिला म्हटलं, "तुला नरकातसुद्धा घेणार नाहीत, तिथूनही हाकलतील." ती शीळ घालत गोळ्या मोजत होती. पण एक सांगते, शेवटी शेवटी तिची शीळ बंद झाली. लायल वाळला होता. एकदा तो मग ठेवून गाडीत बसला आणि बराच वेळ गाडी सुरूच केली नाही. एल्वा पडद्याआडून बघत राहिली. त्या दिवशी तिनं जेवण अर्धं टाकलं आणि मला म्हणाली की पेस्टीत मीठ जास्त झालंय. मीठ बरोबर होतं.

शेवटच्या आठवड्यात तो एक मग घेऊन आला, बराचसा तसाच. यावर हातोडीनं खळगा पाडून चालवून नेतो, म्हणाला. एल्वा "बघ बाबा, तुझं तू" एवढंच बोलली.

स्पर्धेच्या दिवशी दक्षिणेचा, समुद्रावरचा गार वारा होता. पाच क्लबांचे लोक आले होते. मी चहाच्या किटल्या लावल्या आणि खिडकीतून बघत बसले. आमच्याकडची निशाणं वळतात. कड दिसत असते, मग ती खटकन समोर तोंड करतात, तेवढ्यात मारायचं, की परत पाठमोरी. एल्वा उभी राहिली ती बसच्या स्टिअरिंगवर बसायची तशी, खांदे सैल, हनुवटी थोडी वर. निशाणं वळली की तिचा हात वर यायचा आणि वर आला की हलायचा नाही. तिच्या हलक्या गोळ्यांचा आवाजही हलका, दणका नाही. कागद आणले तर मधल्या काळ्यात ती स्वच्छ गोल भोकं, एकमेकांना चिकटलेली. मला तिथेच नाचावंसं वाटलं.

आणि लायल? लायलचा हात थरथरत होता. पहिल्या फेरीत ठीक, दुसऱ्या फेरीत त्याच्या दोन गोळ्या काळ्याच्या बाहेर. तो सारखा शेडच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या बैठकीकडे बघत होता. शेवटच्या फेरीनंतर एल्वा त्याच्यापेक्षा तीन गुणांनी पुढे होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. मी तिला मिठी मारायला गेले तर तिचं तोंड आंबट.

"काय झालं गं? जिंकलीस ना!"

"त्याचा हात बघितलास?" ती पुटपुटली. "तो त्याचा हात नव्हता. तो मी केलेला हात होता."

मग बक्षीस. लायलनं फडकं काढलं. व्हर्ननं मग उचलला. व्हर्न डावखुरा. आणि तो मूळ खळगा व्हर्नचाच होता. तरुणपणी जिंकल्याच्या आनंदात तो शेडच्या पायरीवरून मगासकट पडला होता. तेव्हापासून जो जिंकेल त्यानं व्हर्नला त्या मगातून एक घोट पाजायचा, आणि व्हर्ननं आपला अंगठा त्या खळग्यात रोवून तो प्यायचा, हा आमचा रिवाज. व्हर्ननं मग डाव्या हातात घेतला. अंगठा फिरवला. परत फिरवला. त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"लायल, माझा खळगा उजवीकडे कसा गेला?"

लायलनं धांदलीत खळगा दांडीच्या उजवीकडे पाडला होता, स्वतःच्या उजव्या अंगठ्याच्या मापानं. हा माणूस, ज्यानं मला कधी एक वाक्य पूर्ण बोलू दिलं नाही, त्याला एक शब्द सुचेना. त्याचे डोळे भरून आले होते.

"हा आपला मग नाही," व्हर्न म्हणाला. "आपला मग कुठाय?"

एल्वानं माझ्या हातात तिचा चहाचा कप दिला. मला कळलं. मी तिचा कोपर धरला, पण ती सुटली आणि पुढे गेली.

"तो तिथे आहे," ती म्हणाली आणि वाळूच्या बांधाकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी बांधाकडे बघितलं.

"मी चर्चच्या दुकानातून घेतला. मला माहीत नव्हतं. वितळवला आणि गोळ्यांत घातला. म्हणजे हरवला नाही, व्हर्न. कुठे आहे ते नक्की माहीतंय. थोडा माझ्या खिशात आहे, थोडा तुझ्या डब्यात. मी दिलेल्या गोळ्या ज्यांनी जूनपासून वापरल्या, त्या सगळ्यांनी तो मारलाय."

अर्ध्या क्लबानं आपापले गोळ्यांचे डबे उघडून आत बघितलं. जणू खळगा दिसणार होता!

"आणि लायलला मी महिनाभर द्वीपकल्पभर पळवलं," ती म्हणाली. "त्या आधीपासूनच मला माहीत होतं. त्याचा हात आज माझ्यामुळे हलला. माझे गुण खोडा."

"मग मी आणलेले ते सगळे मग?" लायलला एकदम वाचा फुटली.

"पडवीत आहेत. छान कथील आहे रे."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग पत्रे हादरेपर्यंत सगळे हसले. फक्त लायल हसला नाही. व्हर्नही नाही. व्हर्ननं मग खाली ठेवला आणि घसा साफ केला.

"गुण कागदावरच्या भोकांचे असतात. हात का हलला याचे नसतात. ते राहतील. मग हरवला नाही, तेव्हा लायल सुटला. पण नियम तो नियम. क्लबाची वस्तू वितळवली. मत घ्यावं लागेल, आणि आत्ताच. मतात टिकली तर पट्टी लागेल. नाही टिकली तर पट्टीही नाही."

मी खाली बसले. हसून झाल्यावर लोक नियम आठवतात, हे मी तीनदा बघितलंय.

आमच्याकडे मत कागदावर देत नाहीत. चहाचा एक रिकामा डबा आहे, त्याच्या झाकणाला भोक, आणि आवाज येऊ नये म्हणून आत व्हर्नचा जुना मोजा. प्रत्येकाला काडतुसाच्या दोन रिकाम्या पुंगळ्या मिळतात, एक पितळेची पिवळी, एक निकेलची पांढरी. पडद्यामागे जायचं, एक डब्यात टाकायची, दुसरी वाळूच्या बादलीत दडपायची. पिवळी म्हणजे राहू दे, पांढरी म्हणजे जाऊ दे. दोन पांढऱ्या निघाल्या की माणूस बाहेर. एकीनं काही होत नाही, कारण प्रत्येकाचा एक तरी वैरी असतोच आणि तो धरायचा नाही, असं क्लब काढणाऱ्यांचं मत होतं. ज्याच्यावर मत चाललंय त्यालाही मत असतं. ते का, तर नियम लिहिताना कोणाला सुचलंच नाही.

आमच्या क्लबातला एकेक जण गेला. मी गेले आणि पिवळी इतक्या जोरात टाकली की मोजा असूनही आवाज आला. लायल गेला. तो पडद्यामागे फार वेळ होता. फार म्हणजे फारच. बाहेर आला तो कोणाकडेही न बघता, कान लाल. शेवटी एल्वा गेली आणि लगेच बाहेर आली.

व्हर्ननं डबा टेबलावर उपडा केला, मोजा झटकला. पिवळ्या पुंगळ्या घरंगळल्या. पिवळी, पिवळी, पिवळी. मग एक पांढरी. व्हर्ननं बोटानं सगळ्या पुंगळ्या पसरल्या, मोज्यात हात घालून चाचपलं.

"एकच पांढरी," तो म्हणाला. "एल्वा राहिली."

मी रडले. सगळ्यांसमोर, चहाच्या फडक्यात तोंड खुपसून. आणि मी डोळे पुसून बघते तर सगळे लायलकडे बघत होते. दुधाचं भांडं सांडल्यावर मांजराकडे बघतात तसे.

"मी नाही!" लायल ओरडला. "ए, मी नाही हां! आईची शपथ!"

"लायल, कोणी काही म्हटलं का?" व्हर्न थंडपणे म्हणाला.

"पण तुम्ही बघताय तसं!"

एल्वा त्याच्याजवळ गेली. दंडावर हळूच थोपटलं. "राहू दे रे," ती म्हणाली, एवढ्या गोड आवाजात की मलाच शहारा आला.

घरी जाताना गाडी तीच चालवत होती. बैठक मागच्या सीटवर, वर मग नाही, नुसता स्क्रू.

"मेला लायल," मी म्हटलं. "तू त्याला वाचवलंस, आणि त्यानं..."

"ती माझी होती."

"काय तुझी होती?"

"पांढरी."

समोर ससा आला म्हणून तिनं गाडी हळू केली, तो गेल्यावर परत पळवली.

"वेडी झालीस का तू? आणखी एक पडली असती तर?"

"तर गेले असते." तिनं गिअर बदलला. "मी त्याला महिनाभर छळलं डल्सी. कोणीतरी माझ्याविरुद्ध जायला हवं होतं. बाकीचे सगळे हसत होते, कोणी टाकली नसती. म्हणून मी टाकली. आता दुसरी टाकायचा हक्क एकट्या लायलला होता, आणि त्यानं टाकली असती तर मी त्याला दोष दिला नसता." तिनं स्टिअरिंगवर बोट आपटलं. "त्यानं नाही टाकली गं. एवढा वेळ आत उभा होता, आणि पिवळी टाकली."

माझे डोळे परत भरले. मी म्हटलं, "मग त्याला सांग की. अख्खा क्लब त्याच्यावर संशय घेतोय. परत फिर, आत्ता त्याच्या घरी जाऊ."

एल्वानं माझ्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडाचा कोपरा हलला. गायनमंडळात हलायचा तसाच.

"सांगेन की. घाई काय आहे?"

त्याला आता दोन वर्षं होत आली. दर शनिवारी चहाच्या वेळी लायल तिच्याजवळ येतो, इकडेतिकडे बघतो आणि हळू आवाजात म्हणतो, "एल्वा, देवाशप्पथ सांगतो, ती पांढरी माझी नव्हती." आणि एल्वा त्याच्या खांद्यावर हात ठेवते आणि म्हणते, "सोड रे लायल. मी तुला कधीच माफ केलंय."